कार्बनयुक्त दगडी अशनी (अवकाशातून पृथ्वीवर पडलेले दगड) एवढ्या मोलाच्या का मानतात?
कारण सूर्यमाला घडली तेव्हापासून त्या फारशा तापल्याच नाहीत, म्हणून आतला मूळ माल बराचसा शाबूत आहे. मर्चिसन नावाच्या अशनीचंच घ्या. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात याच नावाच्या गावाजवळ ती कोसळली. १०० किलोहून जास्त तुकडे गोळा झाले. त्यांत अमिनो आम्लं निघाली, काही तर पृथ्वीवरच्या सजीवांच्या प्रथिनांत न आढळणारी! मला मात्र त्याहून थक्क करतात ते त्याच तुकड्यांतले सिलिकॉन कार्बाइडचे (सिलिकॉन आणि कार्बनच्या संयुगाचे) सूक्ष्म कण. ते दुसऱ्या ताऱ्यांभोवती तयार झाले, सूर्य जन्मण्याआधी. काहींचं वय ५ ते ७ अब्ज वर्षं निघालं आहे. अशनी पडताना दिसली तर तुकडे लगेच उचलावेत, पण उघड्या हाताने नको. पाऊस आणि घाम, दोन्ही नमुना बिघडवतात.