ब्लॅक अँड व्हाइट केलं की कणीस हरवतं कुठं?

(वाचकांचे फोटोग्राफीचे प्रश्न)

प्रश्न : नमस्कार ताई. दौलताबादच्या बाजूला आमचं शेत आहे. जानेवारीत शाळू निसवला तेव्हा एका कणसावर फोकस केला, मागं देवगिरीचा डोंगर पूर्ण ब्लर, पन्नास एमएमची लेन्स, एफ १.८ वर. कलरमध्ये फोटो भारी वाटत होता पण ब्लॅक अँड व्हाइट केला तर सगळं एकाच राखाडीत गेलं, कणीस कुठंय तेच कळेना, आणि मित्र म्हणायला लागले की मागं डोंगर आहे का ढग. सिलेक्टिव्ह फोकस (एकच गोष्ट शार्प, बाकी ब्लर) ब्लॅक अँड व्हाइट लँडस्केपला चालतच नाही का?

उत्तर : चालतो रे, चांगला चालतो, फक्त कलरमध्ये जे काम रंग फुकटात करून देतो ते इथं तुला हाताने करावं लागतं. कलरमध्ये पिवळसर कणीस हिरव्या पाल्यापासून आपोआप सुटं दिसतं, पण उजेडाच्या मापात ते दोन्ही जवळजवळ सारखेच असतात, म्हणून रंग काढला की दोन्ही एक. नुसता मागचा भाग ब्लर केल्याने कणीस पुढं येत नाही, आधी ते मागच्यापेक्षा उजळ तरी पाहिजे नाहीतर गडद तरी. फोकस त्याच्यानंतर.

त्यासाठी काही विकत घ्यायची गरज नाही, उभं राहायची जागा बदल. देवगिरी तुझ्या पूर्वेला येईल अशा बांधावर जा, सकाळी सूर्य वर आला की डोंगराची तुझ्याकडची बाजू सावलीत असते आणि कणसाच्या कडेने उजेड येतो, दाणे एकेक सुटे दिसायला लागतात. धुकं असलं तर मात्र डोंगर पांढुरका होतो, मग उलटं कर, कणीस सावलीतलं घे आणि गडद ठेव. डोळे किलकिले करून बघायची सवय लाव, किलकिल्या डोळ्यांना कणीस वेगळं दिसलं तर फोटोतही दिसणार. कॅमेरा मोनोक्रोमवर ठेव पण फाइल रॉ घे, म्हणजे स्क्रीनवर काळंपांढरं दिसतं आणि रंगाची माहिती फाइलमध्ये शाबूत राहते, नंतर घरी पिवळा थोडा वर आणि निळा खाली केलास की कणीस उजळतं, आभाळ गडद होतं. फिल्मवाले पिवळा नाहीतर लाल फिल्टर लावून हेच करायचे.

आता एफ १.८ बद्दल. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं ते, आकडा लहान तितकं भोक मोठं आणि शार्प पट्टा पातळ. तुझ्या क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे पस्तीस एमएमच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर (तसाच असणार असं धरून सांगतेय) पन्नास एमएम, एक मीटर अंतर आणि एफ १.८ म्हणजे शार्प पट्टा जेमतेम ३ सेंटिमीटरचा. भरलेलं शाळूचं कणीस त्याहून जाड असतं, म्हणजे अर्धं कणीसच मऊ झालं आणि डोंगर तर पार गेला. एफ ५.६ वर तोच पट्टा ९ सेंटिमीटरच्या आसपास होतो, एफ ८ वर साधारण १३. मी स्वतः एफ ५.६ ते ८ च्या मधे राहते. डोंगर मऊ असावा पण देवगिरी आहे हे कळलं पाहिजे, तासलेला कडा कळला पाहिजे, चांदमिनार एक पुसट उभी रेघ म्हणून तरी राहिला पाहिजे. एफ १.८ ला तो मिनार विरघळून जातो. मग तो फोटो कुठल्याही शेतातला झाला, तुझ्या शेतातला राहिला नाही, आणि लँडस्केपमध्ये जागाच गेली तर काय उरलं?

एक गोष्ट माझ्या अनुभवातली. गेल्या वर्षी अशाच शाळूत दव पडलेलं कणीस सापडलं, दाण्यांच्या मधून कोळ्याची जाळी आणि जाळीवर थेंब, मी वीसेक फ्रेम घेतल्या आणि घरी येऊन बघते तर एकही शार्प नाही. वारा दिसतसुद्धा नव्हता पण उंच धाट वितभर पुढंमागं डोलत होतं आणि माझा पट्टा बोटभर. दुसऱ्या दिवशी खालून धाटाला एक काडी बांधली, मॅन्युअल फोकस लावून ठेवला आणि कणीस फोकसमध्ये आलं की लगेच क्लिक, अशा दहा-बारा फ्रेममधून दोन हाती लागल्या. ऑटोफोकसच्या भरवशावर राहू नकोस, कणीस सोडून तो मागच्या डोंगराच्या कडेवर जाऊन बसतो.

प्रश्न : ताई, एप्रिलमध्ये भेगाळलेल्या काळ्या मातीचा फोटो काढायलोय, एक भेग शार्प आणि बाकी ब्लर. पण दुपारी एफ १.८ ला फोटो पांढराफटक येतोय आणि शटर स्पीडचा आकडा लुकलुकतोय. कॅमेरा बिघडला का?

उत्तर : नाही बिघडला. भर उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) १०० वर एफ १६ ला शटर स्पीड साधारण १/१२५ सेकंद लागतो, एफ २.८ पर्यंत आलात की १/४००० होतो, आणि बऱ्याच साध्या कॅमेऱ्यांचं शटर तिथंच संपतं. एफ १.८ ला त्याच्याही वर पाहिजे. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड आठपट कमी करणारी गडद काच) लावा, नाहीतर सरळ सकाळी या. मी तर सकाळीच या म्हणेन. काळ्या मातीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते म्हणून त्या भेगा पडतात, त्यांना खोली असते, आणि ती खोली तिरप्या उन्हातच दिसते. दुपारी सूर्य डोक्यावर असतो, ऊन थेट भेगेत उतरतं आणि काठाची सावलीच पडत नाही. कॅमेरा जमिनीला टेकवा, तुमच्याकडून लांब जाणारी भेग निवडा आणि फोकस अगदी पुढच्या काठावर नको, थोडा आत ठेवा. लांबची बाभूळ पुसट का होईना, फ्रेममध्ये असू द्या.

प्रश्न : आमचे सर म्हणतात लँडस्केप म्हणजे पायापासून आभाळापर्यंत सगळं शार्प, अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्स तसंच करायचे. मग तुम्ही हे काहून शिकवता?

उत्तर : सरांचं अॅडम्सबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला अॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे मंडळींनी ग्रुपच काढला होता, एफ ६४ नावाचा, सगळं कडक शार्प पाहिजे म्हणून. (त्यांचे कॅमेरे मोठे होते. आठ बाय दहा इंचाच्या निगेटिव्हवर एफ ६४ ला जेवढी खोली मिळते तेवढी पस्तीस एमएमच्या फ्रेमला एफ ९ च्या आसपासच मिळते, म्हणून तुम्ही एफ २२ वर जाऊ नका, बारीक भोकातून उजेड पसरतो (डिफ्रॅक्शन), त्याने उलट सगळंच मऊ पडतं.) पण त्याच्याही आधी, १८८९ मध्ये पीटर हेन्री एमर्सन या इंग्रज फोटोग्राफरने उलटं मांडलं होतं की माणसाचा डोळा एका वेळी एकाच ठिकाणी नीट बघतो, बाजूचं त्याला पुसटच दिसतं, तर फोटोही तसाच असावा. म्हणजे हा वाद शंभराहून जास्त वर्षांचा आहे.

माझं म्हणाल तर वेरूळच्या डोंगरावरून पावसाळ्यात खालचा मुलूख घ्यायचा असेल तर मी सरांचंच ऐकेन, कॅमेऱ्यासोबत येते ती किट लेन्स १८ एमएमवर, एफ ८, फोकस दोन मीटरवर, म्हणजे एक मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं चालण्यासारखं शार्प मिळतं. पण मे महिन्यात त्याच भागातल्या माळावर एकच बाभूळ उभी असते आणि तिच्याखाली चार शेरडं बसलेली असतात, तेव्हा माळावरचा प्रत्येक दगड शार्प ठेवला तर नजर दगड मोजत बसते आणि शेरडांपर्यंत पोचतच नाही. तिथं मी लांब लेन्स लावते, एफ ४, आणि फोकस शेरडांच्या डोळ्यांवर.