एम.एस्सी. झालं, आता एलएल.बी. करू का?

तुझं पत्र थोडक्यात असं: प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालंय, निसर्गविज्ञान संग्रहालयात काम करायचंय. तिथल्या जाहिरातीत 'जनुकीय संसाधनांचं कायदेपालन' (म्हणजे ज्यांतून डीएनए मिळू शकतो अशा नमुन्यांच्या परवानग्या आणि अटी) सांभाळणारं पद दिसलं. बाबा म्हणतात ही कारकुनी, आणि तुला वाटतं आधी एलएल.बी. करावं.

एलएल.बी. सध्या नको. वकील या कामात अधूनमधून लागतो. रोज लागतो तो नमुने हाताळलेला माणूस.

समज, परदेशातल्या संग्रहालयाकडून भुंगेरे उसने आलेत. करारात लिहिलंय, फक्त बाह्यरचनेचा अभ्यास. काही महिन्यांनी संशोधक म्हणतो, "एक पाय काढून डीएनए बघतो, एवढ्यानं काय होतंय?" बरंच होतं. नागोया प्रोटोकॉल हा अशा संसाधनांची परवानगी आणि त्यांतून होणाऱ्या लाभाची वाटणी यांवरचा आंतरराष्ट्रीय करार. त्यात 'वापर' म्हणजे जनुकीय किंवा जैवरासायनिक घडणीवरचं संशोधन आणि विकास. निव्वळ ओळख पटवायला डीएनए काढला तर तो वापर धरायचा का, यावरही सगळ्या देशांचं एकमत नाही. शिवाय करारात पाय तोडायची मुभाच नाही. म्हणून आधी देणाऱ्या संस्थेला विचारायचं, मूळ देशाच्या परवानगीत काय म्हटलंय ते बघायचं, उत्तर येईपर्यंत चिमटा खाली ठेवायला सांगायचं. तो सांगणारा माणूस म्हणजे हे पद. (लोकप्रिय होशील याची हमी देत नाही.)

यात तारखेला फार महत्त्व. जैवविविधता करार 29 डिसेंबर 1993 ला लागू झाला आणि जनुकीय संसाधनांवर त्या त्या देशाचा हक्क मान्य झाला. नागोया प्रोटोकॉल हा त्याच कराराला जोडलेला, 2010 चा, अंमल 12 ऑक्टोबर 2014 पासून. त्यामुळे लेबलवरची संकलनाची तारीख हा कायदेशीर पुरावा होऊन बसतो. पण तेवढ्यावर विसंबू नकोस. काही देश परवानगी मागतच नाहीत, काहींचे कायदे प्रोटोकॉलहून जुने आहेत, अमेरिका तर मूळ करारातही नाही.

बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. दिवसाचा बराच वेळ ईमेल आणि नोंदींत जातो. पण युरोपीय संघाच्या 2014 च्या नियमानुसार वापर संपल्यावरही 20 वर्षं कागद जपावे लागतात. तोवर संशोधक निघून गेलेला असतो, उणे 80 अंशांचा फ्रीझरही बदललेला असतो. कुपीच्या नखाएवढ्या झाकणावर शाईचा एक नंबर उरतो, तोही अल्कोहोलनं पुसट. त्या नंबरावरून परवानगीचा कागद, त्यातल्या अटी आणि आधी काढून दिलेले तुकडे सापडले तर नमुना वापरता येतो. नाहीतर उत्तम टिकलेला ऊतकही कपाटातच पडून राहतो. ही साखळी बांधायला जीवशास्त्र यावं लागतं.

तेव्हा आधी वर्षभर एखाद्या संग्रहात मदतनीस म्हणून काम कर, जमलं तर उसनवारीची नोंदवहीच मागून घे. प्रोटोकॉलची 36 कलमं दोन संध्याकाळी वाचून होतील. 5 आणि 6 दोनदा वाच: लाभवाटणी आणि पूर्वसंमती. साइटिसचा, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराचा, परवाना वेगळा असतो. तो हातात असला म्हणजे डीएनएची परवानगी मिळाली, असं होत नाही. मुलाखतीत इथेच बरेच जण घसरतात.

आणि या आठवड्यात विभागाच्या संग्रहातली एक जुनी बाटली उघडून बघ. कुठून आली, कधी, कुणी आणली, कुठल्या अटीवर? चारातली किती उत्तरं लेबलवर सापडली ते मला कळव.