डिस्टिलरीतल्या गॅस डिटेक्टरला एटेक्स सर्टिफिकेट आहे. तेवढं पुरतं का?

वाळवा तालुक्यातल्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गॅस डिटेक्टर बसवायचेत आणि सप्लायर एटेक्सचा (स्फोटक वायूच्या जागी वापरायच्या उपकरणांची युरोपीय मान्यता) कागद दाखवून "आता काळजी नको" म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. काळजी करा. मी याच जिल्ह्यातल्या एका डिस्टिलरीत इन्स्ट्रुमेंटचं काम बघतो, म्हणून कळकळीने सांगतो.

डिटेक्टरच्या ठिणगीने किंवा तो तापल्याने आजूबाजूचा वायू पेटणार नाही, याची हमी ते सर्टिफिकेट देतं. तो वायू ओळखेल का, किती सेकंदांत ओळखेल, हा प्रश्न वेगळा. ज्वलनशील वायूंसाठी त्याचं मानक आयईसी ६००७९-२९-१. सर्टिफिकेटवर मानकांची यादी असते. त्यात नुसतं ६००७९-० (सर्वसाधारण अटी) आणि ६००७९-१ (फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली आग बाहेर न जाऊ देणारी डबी) दिसलं, तर तपासणी फक्त डबीची झालीय. कामगिरीचा रिपोर्ट वेगळा मागा.

मग मार्किंग वाचा. वायू किती सहज पेटतो त्यावरून टू-ए, टू-बी, टू-सी असे चढते ग्रुप असतात. इथेनॉल टू-बी ग्रुपात येतं, त्यामुळे टू-ए लिहिलेलं उपकरण तिथे चालणार नाही. टू-बी किंवा टू-सीच हवं. स्पेंटवॉशच्या (डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या) डायजेस्टरजवळ, म्हणजे बायोगॅसच्या टाकीजवळ, मिथेनबरोबर हायड्रोजन सल्फाइडही असतो, तिथे तापमान वर्ग (उपकरण जास्तीत जास्त किती तापेल ते) किमान टी-३ पाहिजे. सर्टिफिकेटच्या नंबराच्या शेवटी 'एक्स' अक्षर असेल तर वापराला खास अटी आहेत, त्या आतल्या पानावर असतात. म्हणून पहिल्या पानाची झेरॉक्स घेऊ नका, सगळी पानं घ्या.

एक गोष्ट आपल्याकडे हमखास सुटते. सर्टिफिकेटवर सभोवतालचं तापमान दिलं नसेल, तर ते उणे २० ते ४० अंश धरलेलं असतं. एप्रिल-मे मध्ये सांगलीत दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, कॉलमशेजारी तर विचारूच नका. ६० अंशांपर्यंतचं मागा.

एटेक्स ही युरोपची व्यवस्था. आपल्याकडे पेट्रोलियम नियमांखालच्या धोकादायक जागेत पेसोची (केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्था) मंजुरी लागते, त्यांचं मुख्यालय नागपूरला आहे. डिस्टिलरीसाठीही मी तीच मागतो. आयईसी-ईएक्सचा (अशाच उपकरणांची आंतरराष्ट्रीय प्रमाणन योजना) नंबर दिला असेल तर त्यांच्या वेबसाइटवर स्वतः पडताळा.

आता कागदाबाहेरचं. आमच्याकडे रिसीव्हर रूमच्या खिडक्यांना सिलिकॉन सीलंट लावलं होतं. काही दिवसांनी टेस्ट गॅस सोडला. ५० टक्के एलईएलचा गॅस (एलईएल म्हणजे वायू पेटायला हवेत लागणारं किमान प्रमाण), आणि डिटेक्टर दाखवतो १२! एरवी शून्य अगदी बरोबर, दिवा हिरवा. सिलिकॉनच्या वाफेने कॅटॅलिटिक (वायू आत जाळून मोजणारा) सेन्सर निकामी होतो, आणि तसं झाल्याचं तो स्वतः सांगत नाही. सर्टिफिकेट तेव्हाही वैधच होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण खाली पंपावर दोन माणसं रोज आठ तास त्या दिव्याच्या भरवशावर काम करत होती. तेव्हापासून दर महिन्याला प्रत्येक डिटेक्टरवर टेस्ट गॅस सोडतो आणि आकडा वहीत लिहितो.

कॅलिब्रेशन मिथेनवर केलेला डिटेक्टर इथेनॉलला कमी आकडा दाखवतो, तेव्हा इथेनॉलचा गुणक लेखी घ्या. इथेनॉलची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून तो डिटेक्टर जमिनीलगत. मिथेन हलका, त्याचा छताजवळ. आणि केबल जिथून आत जाते तो ग्लँडही फ्लेमप्रूफच घ्या, कव्हरचा एकही बोल्ट कमी ठेवू नका.

सप्लायरने कामगिरीचा रिपोर्ट दिला, तर त्यात इथेनॉलचं नाव आहे का ते बघून इथेच कळवा, पुढचं मी सांगतो.