फाइल ‘चढवणे’ की ‘अपलोड करणे’?

आपल्या संगणकावरील फाइल वेब सर्व्हरवर पोहोचवण्याच्या क्रियेला मराठीत ‘चढवणे’ म्हणावे का, की ‘अपलोड’मधील ‘अप’चे ते शब्दशः भाषांतर असल्यामुळे कृत्रिम ठरते, असा प्रश्न आहे. ‘सर्व्हरवर’ म्हणावे की ‘सर्व्हरला’, अशीही त्याला जोडून विचारणा आहे.

सर्व्हर काही उंचावर नसतो, हा आक्षेप खरा आहे. अभय भूषण यांनी १९७१ साली फाइल हस्तांतराच्या नियमावलीचा, म्हणजे एफटीपीचा, जो पहिला मसुदा लिहिला, त्यातल्या आज्ञाही ‘स्टोअर’ आणि ‘रिट्रीव्ह’, म्हणजे साठवणे आणि परत मिळवणे, अशा होत्या. तेथे वर-खाली नव्हते. पण मराठीतले ‘चढवणे’ तरी केवळ उंचीशी बांधलेले कुठे आहे? आपण मुलामा चढवतो, आवाज चढवतो, आणि वारसाचे नाव दप्तरी चढवतो. यातला शेवटचा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण नाव दप्तरी चढले तरी माणूस आपल्या जागीच राहतो आणि त्याची नोंद मात्र दुसऱ्याने सांभाळलेल्या वहीत कायम होते. उलट दिशेने त्याच दप्तरातून आपण ‘उतारा’ घेतो किंवा मजकूर ‘उतरवून घेतो’, तेव्हाही मूळ लेख जागचा हलत नाही. फाइलच्या बाबतीत हेच घडते: अपलोड आणि डाउनलोड या दोन्ही वेळा प्रत तयार होते आणि मूळ फाइल जिथल्या तिथे राहते. म्हणून ‘चढवणे’ आणि ‘उतरवून घेणे’ ही जोडी मला उसनी वाटत नाही.

‘पाठवणे’ चुकीचे नाही, पण पलीकडे ती वस्तू साठवली जाते, ही छटा त्यात येत नाही. ‘टाकणे’ बोलण्यात सर्रास चालते. लेखी सूचनेत मात्र मी ते टाळीन, कारण टाकणे म्हणजे टाकून देणेही होते.

क्रियापद कोणतेही घेतले तरी ‘केली’ आणि ‘झाली’ यांतला भेद सांभाळावा. वेबपानावरील फॉर्ममधून फाइल देण्याची पद्धत १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये एका तांत्रिक प्रस्तावात मांडली गेली, आणि तीत तीन टप्पे वेगळे दिसतात: वापरकर्ता फाइल निवडतो, ब्राउझर तिचा मजकूर नावासह सर्व्हरकडे धाडतो, आणि मग सर्व्हर ती स्वीकारतो किंवा नाकारतो. निवडलेल्या फाइलचे नाव पडद्यावर दिसू लागले की काम झाले असे अनेकांना वाटते, म्हणून ‘फाइल निवडा’ आणि ‘फाइल चढवा’ या दोन सूचना एकाच वाक्यात कोंबू नयेत. शिवाय प्रगतीची पट्टी शंभर टक्क्यांवर पोहोचली तरी फाइल आकाराने मर्यादेबाहेर असल्यास सर्व्हर ४१३ हा त्रुटी-क्रमांक देऊन ती नाकारू शकतो. अशा वेळी ‘अपलोड केली, पण झाली नाही’ असे आपण सहज बोलतो, आणि त्यात करणाऱ्याची कृती व तिची सिद्धी अचूक वेगळी होतात. ‘चढवली, पण चढली नाही’ हेही तितकेच स्वाभाविक आहे.

नाम हवे असेल तेथे मात्र ‘अपलोड’च ठेवावे. ‘अपलोडचा वेग’ हे सुटसुटीत आहे, तर ‘चढवण्याचा वेग’ ऐकून काय चढवायचे आहे, असा प्रश्न पडतो.

विभक्तीबद्दल माझे मत ठाम आहे. ‘सर्व्हरला’ म्हटले की सर्व्हर घेणारा होतो, म्हणून ‘सर्व्हरला विनंती पाठवली’ हे बरोबर. फाइलसाठी तो राहण्याचे ठिकाण आहे, म्हणून ‘फाइल सर्व्हरवर चढवली’ असेच लिहावे.