साडेतीनशे शब्दांत काय बसवायचं?

प्रश्न : मुलगी सॅन होजेजवळच्या कम्युनिटी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. कॉम्प्युटर सायन्ससाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात ट्रान्सफर घ्यायचीय. तिने सहाशे शब्दांचा निबंध लिहून ठेवलाय. चालेल का?
– एक पालक, सनीव्हेल

उत्तर : नाही. यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, सलग निबंध लागतच नाही. चार छोटी उत्तरं लागतात, प्रत्येकी जास्तीत जास्त 350 शब्दांची. ट्रान्सफरवाल्यांना एक प्रश्न सक्तीचा : निवडलेल्या मेजरसाठी (मुख्य विषयासाठी) तुम्ही काय तयारी केलीत? बाकीचे तीन सातांतून निवडायचे. तुमच्या मुलीने बहुधा कॉमन अ‍ॅपचा (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक अर्जाचा), प्रथम वर्षाच्या निबंधाचा आकडा धरलाय. तो 250 ते 650 शब्द आहे. कॉमन अ‍ॅपमधली ट्रान्सफरच्या निबंधाची अट मात्र कॉलेजागणिक बदलते, ती त्या त्या कॉलेजकडूनच पाहून घ्यावी.

350 भरलेच पाहिजेत असं नाही. तीनशेच्या पुढे गेलात की पुरे. दोनशेतच संपलं, तर बहुतेक वेळा उदाहरण द्यायचं राहिलेलं असतं.

खरी मेहनत सक्तीच्या उत्तरावर घ्या. विषय आणि ग्रेड अर्जात आधीच भरलेले असतात, ते पुन्हा सांगण्यात शब्द फुकट जातात. ‘डेटा स्ट्रक्चर्समध्ये ए मिळाला’ लिहिण्यापेक्षा त्या कोर्समधला एकच प्रोग्राम घ्या : कुठे अडला, साधी लिस्ट सोडून हॅश टेबल (माहिती झटपट शोधता येईल अशी मांडणी) का घेतलं, त्याने काय फरक पडला. याला दीडशे शब्द द्या. ट्यूटरिंग, क्लब, नोकरी यांना शंभरेक. उरलेल्यात वरच्या वर्षांचे विषय झेपतील हे कशावरून, ते.

कापताना शब्द-शब्द छाटू नका, वाक्यं तारेच्या मजकुरासारखी होतात. अख्खा प्रसंगच उडवा. ‘लहानपणापासून कॉम्प्युटरची आवड’ हा परिच्छेद तर डोळे मिटून काढा. तो प्रत्येकाच्या अर्जात असतो!

आणखी एक. एकच अर्ज तुम्ही निवडलेल्या यूसीच्या सगळ्या कॅम्पसना जातो. त्यात ‘मला बर्कलीच हवं’ लिहिलं, तर डेव्हिस आणि सॅन डिएगोही ते वाचणार. जुन्या कॉलेजची गाऱ्हाणीही नकोत. एखाद्या टर्मला ग्रेड घसरले असतील, तर कारण जादा माहितीच्या वेगळ्या चौकटीत लिहा, त्यासाठी ही चार उत्तरं खर्चू नका.