लिरात पगार ठरवण्याआधी

तुम्ही विचारलंत की इचलकरंजीत मागांवर दहा वर्षं काढली, आता तुर्कस्तानातल्या डेनिझ्ली शहराच्या टॉवेल कारखान्यातून बोलावणं आलंय, पगार तिथल्या चलनात म्हणजे लिरात, बायको आणि मुलगी बरोबर, तर जावं का? मी सोलापूरची, २०१९ पासून डेनिझ्लीत याच धंद्यात आहे. काम उत्तम आहे, शिकायला खूप मिळेल. पण "लिराचे रुपये केले तर भरपूर होतात" हे वाक्य आधी खोडून टाका.

२०१० मध्ये एका लिराला तीसेक रुपये पडायचे. मी आले तेव्हा बारा. आज दोनच्या आसपास. हे नवीन दुखणं नाही. २००१ च्या बँक संकटानंतर, २००५ मध्ये, नोटेवरची सहा शून्यं कापावी लागली, म्हणजे दहा लाख लिरांचा एक लिरा झाला. राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांचा पक्ष त्याच संकटामुळे २००२ मध्ये निवडून आला आणि पहिली दहा वर्षं लोकांना खरोखर बरी गेली. मग "व्याजदर वाढवला की महागाई वाढते" हा त्यांचा उलटा सिद्धांत आला. २०२१ च्या सप्टेंबरपासून दर १९ वरून १४ टक्क्यांवर आणला आणि २० डिसेंबरला डॉलर १८ लिरांच्या वर गेला. त्याच रात्री सरकारने लिरातल्या ठेवींना घसरणीपासून हमी देण्याची योजना जाहीर केली आणि डॉलर धाडकन खाली आला. त्या दिवशी दुपारी घाबरून डॉलर घेणाऱ्यांत मीही होते, हसू नका. पुढच्या ऑक्टोबरात सरकारी महागाई ८५ टक्के होती, स्वतंत्र अर्थतज्ज्ञांच्या गटाचा आकडा १८५. २०२३ ची निवडणूक झाल्यावर मेहमेत शिमशेक अर्थमंत्री झाले, व्याजदर पुढच्या मार्चपर्यंत ५० टक्क्यांवर गेला, तेव्हा कुठे घसरण मंदावली. थांबली नाही.

म्हणून करार डॉलर किंवा युरोत मागा. २०१८ च्या सप्टेंबरात परकीय चलनातले देशांतर्गत करार बंद झाले, पण परदेशी नागरिकाच्या नोकरीच्या कराराला त्यातून सूट आहे. मालक "कायद्यात बसत नाही" म्हणाला तर हे सांगा. लिराच हवा असेल तर वाढ कधी आणि कशाच्या हिशेबाने, ते लिहून घ्या. किमान वेतन २०२२ आणि २०२३ मध्ये वर्षातून दोनदा वाढलं, २०२४ पासून फक्त जानेवारीत वाढतं. बहुतेक कारखाने तिकडेच बघून पगार ठरवतात.

आणखी एक. पगाराचा थोडा भाग बँकेत, बाकीचा हातात रोख, असं इथे सर्रास चालतं. त्याला 'एलदेन' म्हणतात. गोड बोलून सुचवतील. नाही म्हणा. एक वर्ष झालं की नोकरीवरून काढताना दर वर्षाला तीस दिवसांचा पगार द्यावा लागतो, तो कागदावरच्या आकड्यावरून मोजतात. शिवाय पहिला कामाचा परवाना एक वर्षाचा आणि त्याच मालकाशी बांधलेला असतो. भांडण झालं की तुमची बाजू आपोआप कमजोर.

घराचं मला अंगावर आलं होतं. २०२२ च्या जूनमध्ये सरकारने भाडेवाढीवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली, महागाई तिप्पट. घरमालकांना चालू भाडेकरू नकोसे झाले. माझ्या घरमालकाचा मुलगा अचानक "लग्न करून इथेच राहणार" होता. तो अजून अविवाहित आहे. मर्यादा २०२४ च्या जुलैत उठली. करारासोबत घर रिकामं करून देण्याच्या हमीचा कागद पुढे करतील, तारखेची जागा कोरी. त्यावर सही करू नका. घर २००० नंतरचं बघा. १९९९ च्या इझमितच्या भूकंपानंतर बांधकामाचे नियम कडक झाले आणि सक्तीचा विमा आला, आणि डेनिझ्लीही भूकंपाच्याच पट्ट्यात आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत दक्षिणेत ५३ हजारांवर माणसं गेली, तेव्हा इथे कोणी नीट झोपत नव्हतं.

वहिनींना डोकं झाकावं लागेल का, असंही विचारलंत. नाही. या देशातलं भांडण बरीच वर्षं उलट्या बाजूने होतं. १९९९ मध्ये रुमाल बांधून आलेल्या निवडून आलेल्या बाईंना संसदेत शपथ घेऊ दिली नाही. सरकारी कचेऱ्यांतली बंदी २०१३ मध्ये उठली. बायकांना लोकसभेच्या मतदानाचा हक्क १९३४ चा आहे.

राजकारणावर मात्र ऐकून घ्या, बोलू नका. १९६० च्या लष्करी उठावानंतर पंतप्रधान मेंदेरेस फासावर गेले, १९८० चा उठाव आणि २०१६ चा फसलेला उठाव लोकांनी जगलेला आहे. इस्तंबूलचे विरोधी पक्षाचे महापौर इमामोग्लू २०२५ च्या मार्चमध्ये अटकेत गेले, तेव्हा आमच्या विभागात दोन तट पडले आणि मी चहा पीत राहिले. देशाचे संस्थापक अतातुर्क यांचा अपमान आणि राष्ट्राध्यक्षांचा अपमान, दोन्ही गुन्हे आहेत. व्हॉट्सॲपवर सुद्धा विनोद नको.

भाषेची भीती बाळगू नका. हवा, दुनिया, किताप, हिशेबाला हेसाप, एवढं मुलगी पहिल्या आठवड्यात ओळखेल. मसूर मुबलक मिळते. तूरडाळ मात्र बॅगेतच आणा.