‘संप्रदाय’ म्हणजे पंथच का?

प्रश्न असा आला आहे: मराठी बायबलात मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे यहुदी, येशूला विचारतात, तुझे शिष्य ‘वाडवडिलांचा संप्रदाय’ का मोडतात? मुद्दा जेवणाआधी हात धुण्याचा. मग इथे पंथ कुठून आला?

पंथ आलाच नाही. सम् + प्र + दा, म्हणजे नीट हाती सोपवणं. गुरूने शिष्याला दिलं, त्याने पुढे दिलं, तो संप्रदाय. वारकरी भजनात ‘सांप्रदायिक चाल’ म्हणतात, तिथे हा अर्थ अजून धुगधुगतो आहे. आपण इंदूरकर मात्र दिवसभर हिंदी ऐकतो, त्यामुळे ‘सांप्रदायिक’ म्हटलं की आधी दंगलच आठवते!

मत्तयच्या त्या ओळीतला मूळ ग्रीक शब्द ‘पाराडोसिस’, लॅटिनमध्ये ‘त्रादितिओ’. दोन्हींच्या पोटात ‘देणे’च आहे, आणि तो धातू आपल्या ‘दा’चा सख्खा भाऊ. ‘परंपरा’त नुसतं एकामागून एक येणं आहे, देणारा-घेणारा नाही. म्हणून मला ‘संप्रदाय’ जास्त नेमका वाटतो.

खरी गंमत पुढे आहे. काल जेवणाच्या टेबलावर जुनं मराठी आणि जुनं हिंदी बायबल शेजारी उघडून बसलो. येशूचा प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना दुसऱ्या पत्रात (2:15) सांगतो, तोंडी किंवा पत्राने शिकवलेलं घट्ट धरून राहा. ग्रीकमध्ये शब्द तोच, आणि मराठीतही तोच, ‘संप्रदाय’. हिंदीत मत्तयमध्ये ‘पुरनियों की रीतें’ आणि इथे नुसत्या ‘बातें’. हिंदी वाचकाला कळणारच नाही की एकाच शब्दावर येशू (परूशी त्यापायी देवाची आज्ञा मोडतात म्हणून) रागावतो आणि पौल तोच सांभाळायला सांगतो.

चर्चमधला जुना वाद नेमका याच दोन ओळींवर आहे. प्रोटेस्टंट मत्तय काढतात: शास्त्र श्रेष्ठ, माणसांचे रिवाज त्याखाली. कॅथलिक पौल काढतात. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने 1546 मध्ये लिखित ग्रंथ आणि अलिखित परंपरा दोन्ही सारख्याच आदराने स्वीकारल्या. पण शास्त्रात कोणती पुस्तकं धरायची, ती यादी शास्त्रात कुठेच दिलेली नाही, ती चर्चने ठरवली. म्हणून ‘फक्त शास्त्र’ म्हणणाऱ्याच्या हातातलं पुस्तकही कुणीतरी सोपवलेलंच असतं. असो, तो वाद माझा नाही.

तेव्हा मत्तयच्या त्या ओळीत ‘वाडवडिलांकडून आलेला रिवाज’ असं वाचा. लिहिताना आजच्या वाचकासाठी ‘परंपरा’ वापरलीत तरी चालेल, फक्त दोन्ही ठिकाणी तीच ठेवा.